काकांची लाल चौकट

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, जेमतेम साठ ओळींचा. फळे साठवणाऱ्या एका शीतगृहाच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या संगणकात माझे आयुष्य गेले.

मला लिहिले तिथले संगणक सांभाळणाऱ्या ताईने, तेही आपल्या काकांसाठी. काका खाली यंत्रघरात फळांच्या कोठ्या थंड ठेवणारी अमोनिया वायूची यंत्रे चालवत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला आणि फोनचा उपयोग संपला. मग ताईने यंत्रघरातल्या आणि आपल्या संगणकावर गप्पांची साधी खिडकी सुरू केली. काळा पडदा, पांढरी अक्षरे. पण ती खिडकी इतर कामांखाली झाकली जाई आणि काकांचे निरोप तसेच पडून राहत. म्हणून मी जन्मलो. काकांनी काही लिहिले की मी पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट दाखवायची आणि घंटा वाजवायची.

पहिल्या दिवशी काकांनी लिहिले, ‘पोरी, ऐकू येतंय का?’ ताई जिना उतरून थेट त्यांच्यापाशी गेली.

“आलं ऐकू, काका,” ती म्हणाली.

माझे फार कौतुक झाले. मग प्रत्येकालाच चौकट हवीशी वाटली. ट्रक आला, चहा आला, कुणाचा वाढदिवस आला. मी वाजतच राहिलो. शेवटी मॅनेजर वैतागले.

“हे ऑफिस आहे की शाळा? सारखी आपली घंटा.”

“सगळंच बंद करू का, साहेब?”

“ते तुम्ही बघा. मला शांतता हवी.”

ताईने माझ्यात एक ओळ घातली. एकाच माणसाने तोच निरोप पुन्हा पाठवला, तर तासभर तो दाखवायचा नाही. यातून काकांना वगळायचे तिच्या मनात होते. कामाच्या गडबडीत ते राहून गेले.

तीन महिन्यांनी एका दुपारी काकांनी लिहिले, ‘गॅसचा वास येतोय. कोठीतल्यांना बाहेर काढा.’ कोठीत दोन हमाल पेट्या रचत होते. त्यांना हाक मारायला काकांपाशी आवाज नव्हता. मी चौकट दाखवली, घंटा वाजवली. ताई नेमकी छपाईयंत्रात अडकलेला कागद काढायला शेजारच्या खोलीत गेली होती. पाच सेकंदांत चौकट विरली. ताई येऊन खुर्चीत बसली. काका तोच निरोप पाठवत होते. मी प्रत्येक वेळी तो वाचला आणि नेमून दिल्याप्रमाणे गिळला. अकरा वेळा.

मग काकांनी लिहिणे सोडले आणि ते स्वतःच गॅसचा कॉक बंद करायला गेले. हमाल वाचले. काका कॉकपाशीच सापडले.

“त्यांनी कळवलं नव्हतं का गं?” काकूने ताईला विचारले.

“कळवलं होतं, काकू. बारा वेळा.”

काकू उठून आत गेली. ती पुन्हा ताईशी बोलली नाही.

ताईने ती ओळ पुसली. यंत्रघरात आता भोंगा बसवला आहे. मला कुणी उघडत नाही.

मित्रांनो, तीच ती गोष्ट सांगणाऱ्याचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. तरी त्याला गप्प करण्याआधी एकदा उठून जा, आणि तो पुन्हापुन्हा का सांगतोय ते बघून या.