शून्याखालचा पारा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचे एक जुने, पाऱ्याचे यंत्र आहे, आणि मोजून घेणाऱ्या माणसांची मला आता किळस आली आहे. पत्र्याची पेटी, काचेची नळी, शेजारी रेघा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

जयपूरच्या राजा पार्कात डॉ. रत्नप्रभाबाईंच्या दवाखान्यात मी पंचवीस वर्षे राबलो. बाई रोग्याला आधी पाच मिनिटे गप्प बसवत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाही वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मग कानात नळ्या घालून ठोके ऐकत आणि पारा ज्या रेघेवर असेल तीच सांगत. "हे यंत्र माझ्याशी खोटं बोलत नाही," असे त्या म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

पण बाई थकल्या आणि मोजायचे काम कौशिक कंपाउंडरकडे आले. तो गप्पा मारत मोजायचा. पारा एकशे अठ्ठेचाळीसवर असो की एकशे बेचाळीसवर, हा लिहिणार एकशे चाळीस! एकदा त्याने मला पाडले. पाऱ्याचे थेंब सांडले, ते त्याने चपलेने कपाटाखाली ढकलले आणि कोणाला सांगितले नाही. शी! पारा विषारी असतो, एवढेही त्या गृहस्थाला वाटले नाही.

दवाखाना बंद झाल्यावर बाईंनी मला जयपूरच्याच मानसरोवर भागात राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाकडे, नंदकिशोरकडे दिले. तो विमा कंपनीतून निवृत्त झालेला. त्याने मला माळ्यावर टाकले, कारण घरात नवी यंत्रे होती: एक दंडाचे, एक मनगटाचे, शिवाय मुलीने, तनयाने, दिलेले प्रेशर दाखवणारे घड्याळ. पाहुणे आले की कचोरी खाता खाता "चला, प्रेशर बघू" सुरू. पट्टा स्वेटरवरूनच. दंडाच्या यंत्राने जास्त आकडा दाखवला की ते बिघडलेले! मग नंदकिशोर मनगटाचे यंत्र बांधून हात डोक्यामागे घेऊन लोळायचा. हात हृदयाच्या वर गेला की आकडा उतरतो. "एकशे सव्वीस!" तो ओरडायचा आणि तेवढाच वहीत लिहायचा. त्या आकड्याच्या जोरावर त्याने संक्रांतीच्या तीन आठवडे आधी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. हे सारे मी माळ्यावरून बघत होतो.

मग संक्रांत आली. जयपूरच्या गच्च्या सकाळपासून पतंगांसाठी भरल्या होत्या. नंदकिशोरचे डोके सकाळपासून ठणकत होते, तरी तो मांज्याची चरखी घेऊन चार मजले चढायला निघाला. त्याची बायको जयंती दारात आडवी उभी राहिली.

"अहो, डोकं दुखतंय म्हणता ना? आज नको."

"एकशे सव्वीस आलंय, आत्ताच! सरक."

"बाबा, मतलब हात खाली ठेवून तरी बघा ना," तनया म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या विभाताई तिळगूळ घेऊन आल्या. त्या निवृत्त नर्स. त्यांनी विचारले, "रत्नप्रभाताईंचं जुनं यंत्र आहे ना? काढा. ते दंडाचंही आणा. भाऊ, स्वेटर उतरवा."

नंदकिशोर हसत बसला. पाच मिनिटे त्याला गप्प बसवले. बाहेर पतंग कापल्याचा "वो काटा" असा ओरडा चालला होता आणि त्याचे हसू हळूहळू गेले. विभाताईंनी माझ्या पेटीतल्या नळ्या कानात घातल्या, हवा भरली, हळूहळू सोडली आणि ठोके ऐकले.

"एकशे अडुसष्ट. खालचं एकशे दोन."

मग त्यांनी माझी नळी निरखली. "अगंबाई, हवा सोडल्यावर पारा शून्यावर थांबत नाहीये."

"बघा!" नंदकिशोर उठू लागला. "यंत्रच खोटं!"

"खोटं आहेच, भाऊ. पारा शून्याच्या तीन रेघांइतका खाली आहे. एक रेघ दोनची. हे सहाने कमी दाखवतंय. तुमचं याहून जास्त आहे."

मित्रांनो, मी गार पडलो. म्हणजे कौशिकच्या चपलेपासून मीही रोग्यांना कमीच आकडे सांगत आलो होतो! इतरांना नावे ठेवणाऱ्या मला त्या क्षणी माझीच शिसारी आली. विभाताईंनी दंडाचे यंत्र नीट बांधले. आकडा आला एकशे त्र्याहत्तर. ते बिचारे बिघडलेले नव्हतेच.

नंदकिशोरने चरखी खाली ठेवली. "जयंती, गोळ्या कुठे आहेत?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"गोळ्या डॉक्टर सांगतील तशा. आधी दवाखान्यात," विभाताई म्हणाल्या. तनयाने गाडीची किल्ली घेतली.

निघण्याआधी विभाताईंनी त्याला परत एकदा मोजायला बसवले. त्याने स्वतःच बाही वर केली आणि हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवला. मला कधी नव्हे ती त्याची किळस आली नाही.

आता मी निघालो आहे. पारा नीट काढून घेणाऱ्यांकडे मला द्यायचे ठरले आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली यंत्रे वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि आजोबा हात डोक्यामागे घेऊन आकडा बघत असतील, तर तो हात हळूच खाली आणून टेबलावर ठेवा. रागावले तरी ठेवा.