ऐंशी वर्षांचा जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे. किती जुना, ते मात्र लगेच विचारू नका. त्याच प्रश्नानं माझं वाटोळं केलं. सांगतो सगळं, जरा दमानं घ्या.

हे घर बांधलं तेव्हाच मला घडवलं, ते वरच्या खोलीत राहणाऱ्या बाईंच्या आजेसासऱ्यांनी. ते सुतार होते आणि कामाला भलतेच कडक. एक पायरी कुरकुरली, तर त्यांनी ती अख्खी उचकटून नवी बसवली. "जिन्यानं माणसाचं वजन पेलावं, चुगल्या करू नयेत," असं ते म्हणायचे. घराच्या मालकानं खूश होऊन वरच्या मजल्यावरची खोली त्यांना भाड्यानं दिली. तिथंच त्यांचा संसार वाढला. नव्या सुना मी वर नेल्या, तान्ही बाळं वर नेली, आणि ज्यांना शेवटचं खाली न्यायचं होतं त्यांना खालीही आणलं.

बाई त्या घरात सून म्हणून आल्या. त्या इंग्रजी शिकवायच्या. खोलीत तीन माणसं बसली की चौथ्यानं श्वास कुठं घ्यायचा, हा प्रश्न पडायचा. म्हणून वर्ग माझ्यावरच भरायचा. बाई वर कठड्याला टेकून उभ्या, आणि खाली एकेका पायरीवर दिवसभर राबून आलेली मोठी माणसं. शिंपीदादा, नर्सताई, ड्रायव्हरकाका, पाव भाजणारी मावशी. त्यांच्या पायांना दिवसाचा थकवा असायचा, पण बसले की शाळकरी पोरं व्हायचे.

एका संध्याकाळी बाईंनी वय सांगायला शिकवलं. कुणाचं? माझं! माझी तर छाती फुगली.

"हाऊ ओल्ड इज धिस स्टेअरकेस?" बाईंनी विचारलं आणि उत्तरही दिलं, "धिस स्टेअरकेस इज एटी इयर्स ओल्ड. हा जिना ऐंशी वर्षांचा आहे. इंग्रजीत माणसाचं, घराचं, घड्याळाचं, सगळ्यांचं वय असंच सांगतात."

"आणि काल जन्मलेल्या बाळाचं?" नर्सताईनं विचारलं.

"तेही 'वन डे ओल्ड'."

"कमाल झाली!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "म्हणजे आईच्या पोटातून बाहेर पडलं की लगेच म्हातारं!"

सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी समजावलं, "हे वाक्य आजच्यापुरतं खरं. पुढच्या वर्षी आकडा बदलायचा. पण 'वॉज बिल्ट' म्हणून बांधल्याचं साल सांगितलं, तर ते कधी बदलत नाही."

"म्हणजे बाई, पहिलं वाक्य दूध आणि दुसरं मीठ," शिंपीदादा म्हणाले. "एक नासतं, एक टिकतं."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. त्यांनी ते पहिलं वाक्य सगळ्यांकडून इतक्यांदा घोकून घेतलं की माझ्या खिळ्यांनाही पाठ झालं.

वर्षं सरली. वर्ग बंद झाला. कठड्याचा रंग उडाला, कोपऱ्यात जाळी धरली, तरी कुणी फडकं फिरवेना. मला वाईट वाटायचं. पण बाईंपुढं माझं दुःख ते काय? एका सकाळी त्या कोसळल्या. जीव वाचला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जिनं शेकडो तोंडं बोलती केली, तिच्याच तोंडून शब्द फुटेना. सांभाळायला एक लेक, तीही दिवसभर नोकरीला.

त्यातच मालकानं घर पाडायचं काढलं. नियम असा की घर शंभरी पार केलेलं असेल, तर ते पाडता येत नाही. घराची आणि माझी शंभरी केव्हाच उलटली होती. पण कागद मालकाकडे, आणि ते म्हणे हरवले! तेव्हा जुन्या इमारतींच्या समितीच्या मोठ्या मॅडम पाहणीला आल्या. बाईंचं छप्पर त्यांच्या एका शब्दावर होतं. बाईंना आधार म्हणून तो जुना वर्ग धावत आला. लेकीला रजा मिळाली नाही. बाईंना वर कठड्यापाशी खुर्चीत बसवलं होतं.

मॅडम बाहेरच्या, त्यांना आपली भाषा येत नव्हती. माझ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हाऊ ओल्ड इज धिस स्टेअरकेस?"

अरे देवा! तोच प्रश्न, शब्दन् शब्द तोच. वर्गाबाहेर त्यांना तो जन्मभर कुणी विचारला नव्हता. चौघांचे चेहरे उजळले आणि चौघं एका सुरात म्हणाले, "धिस स्टेअरकेस इज एटी इयर्स ओल्ड!"

बाईंनी डाव्या हातानं कठड्यावर जोरात थाप मारली. नाही, नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. पण चौघांची पाठ त्यांच्याकडे होती, आणि वर्गात त्या थापेचा अर्थ एकच असायचा, पुन्हा आणि मोठ्यानं. चौघांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. बाईंनी आणखी थापा मारल्या. त्यांनी आणखी मोठ्यानं म्हटलं, अगदी स्पष्ट उच्चारात. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मावशी ओझरतं मागं बघून म्हणाली, "बघा, किती आनंद झालाय त्यांना!"

मॅडमनी आकडा टिपला आणि त्या गेल्या.

खालच्या पायरीवर नर्सताई थबकली. "अहो दादा... हे वाक्य आपण कधी शिकलो? माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!" "म्हणजे दूध नासलं होतं!" शिंपीदादा म्हणाले. मग धावाधाव झाली, लेक कचेरीत जाऊन रडली, भांडली. उत्तर मिळालं, चार साक्षीदारांनी एकमुखानं सांगितलंय, आता बदलता येणार नाही.

काल त्याच चौघांनी बाईंना खुर्चीसकट खाली उतरवलं. मी एकदाही कुरकुरलो नाही. खाली पोचल्यावर शिंपीदादांनी त्यांचे पाय धरले. "बाई, चुकलो हो." बाईंनी डाव्या हातानं त्यांचं डोकं कुरवाळलं. रागावण्याचं बळ त्यांच्याजवळ उरलंच नव्हतं.

उद्या घर पाडायला कामगार येतील. माझं लाकूड जुनं आहे, जाळायला बरं. त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट मला राहून राहून टोचते. बाईंची वाचा गेली होती, समज नाही. त्यांना मान हलवता येत होती. तुमच्या घरी असं गप्प झालेलं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा, आणि उत्तरासाठी थांबा. त्या दिवशी चौघांपैकी एकानं जरी मागं वळून "बाई, बरोबर ना?" एवढं विचारलं असतं, तर त्यांनी मानेनं नाही म्हटलं असतं.