तात्यांच्या नंबरवरचा ओटीपी

पुण्याच्या एका ट्रस्टनं मला काम देऊ केलं तेव्हा मी ते लगेच घेतलं, कारण घरात बसून मी टीव्हीवरच्या माणसांशी भांडायला लागले होते. वीस वर्षं कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवला, मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत मी एकटी राहते. लोक म्हणतात, चारुशीलाबाई फटकळ आहेत. त्यात खोटं काही नाही.

काम असं होतं. सातारा-सांगलीत लोकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या छोट्या छोट्या संस्था आहेत, त्यांची तुलना करायची. कोण आपल्याकडची माहिती किती जपून ठेवतं, एवढंच बघायचं. पासवर्ड कसे आहेत, फोन कुणाच्या हातात असतात, माणूस काम सोडून गेला तर त्याच्याकडचे अधिकार काढून घेतात का. ट्रस्ट सगळ्यांची मिळून एक हेल्पलाइन सुरू करणार होता, आणि या तपासणीत पास होतील त्याच संस्था तिला जोडणार होता. चाळीस प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण.

सांगलीतल्या पहिल्याच संस्थेत पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. मी विचारलं, तर तिथला तरुण कार्यकर्ता निमिष म्हणाला, "मॅडम, येणाऱ्या-जाणाऱ्याला सारखं सांगायला लागतं, म्हणून लिहून ठेवलाय." त्याला मी भोपळा दिला. मग कवठे महांकाळला गेले. तिथं बिराप्पा नावाचे गृहस्थ मेंढपाळांच्या चराईच्या हक्कांसाठी काम करतात. त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. "आवं, माजं समदं हितं हाय," ते कपाळावर बोट आपटत म्हणाले. "कोन चोरतंय बघू तरी!" त्यांना किती गुण द्यायचे हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

साताऱ्याच्या 'पाठराखण'बद्दल मात्र मी निर्धास्त होते. घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी ही संस्था काम करते. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून, जाळायला निघालेल्या सासरच्यांपासून पळालेल्या बायका. त्या सध्या कुठं राहतात याची यादी फक्त या संस्थेकडे असते. तात्या नावाच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती उभी केली. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि आता श्रद्धा नावाची मुलगी सगळं बघते. हुशार मुलगी. रोज संध्याकाळी सगळ्यांनी लॉगआउट करायचं, असा तिथं नियमच होता. इतकी शिस्त मी मोठ्या ऑफिसातही पाहिली नव्हती. त्या प्रश्नाला मी पाचपैकी पाच दिले आणि खूश होऊन चहा घेतला.

चहा संपतोय तोवर साडेदहा वाजले आणि श्रद्धानं फोन लावला. "काकू, नंबर आला का? हां, सांगा." तिनं सहा आकडे टाइप केले. मग पाच-सात मिनिटं ती काकूंचा गुडघा, शेजारणीची म्हैस आणि पाटणचा पाऊस यांबद्दल बोलत राहिली.

"या काकू कोण?" मी विचारलं.

विजयमालाकाकू, तात्यांच्या पत्नी. पाटणला एकट्या राहतात, वय चौऱ्याहत्तर. संस्थेची सगळी खाती तात्यांच्या मोबाइल नंबरवर काढलेली होती, आणि तात्या गेल्यावर तो नंबर कुणी बदललाच नव्हता. फोन काकूंकडे होता. आत रेंज येत नाही म्हणून त्या तो पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगून ठेवायच्या. सकाळी कुणी लॉगइन केलं की ओटीपी साताऱ्याहून पाटणला जायचा आणि काकू तो फोनवर वाचून दाखवायच्या.

मी म्हटलं, "अगं, एकदा 'लक्षात ठेव' म्हणून टिचकी मारली की कॉम्प्युटर रोज रोज विचारत नाही."

श्रद्धा खाली बघत म्हणाली, "माहितीय, मॅडम. म्हणूनच तर आम्ही रोज लॉगआउट करतो."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"तात्या गेल्यावर काकू बोलायच्याच बंद झाल्या होत्या हो. कुणी सहज फोन केला तर 'काय काम काढलं?' विचारायच्या, काही नाही म्हटलं की ठेवून द्यायच्या. हे नंबराचं सुरू झालं आणि सुधारल्या. दहालाच चष्मा लावून बसतात. गावात सांगतात, माझ्याशिवाय साताऱ्याचं ऑफिस उघडत नाही."

मी तिच्यावर चिडले. यादीत त्रेसष्ट बायका आहेत आणि त्यांची किल्ली खिडकीला टांगलेली, असं काहीबाही बोलले. ती म्हणाली, काकू अनोळखी माणसाला नंबर सांगायच्याच नाहीत. मी म्हटलं, बघूया. फॉर्ममध्ये तशी चाचणी होतीच, आणि न सांगता ती कधीही घेण्याची परवानगी श्रद्धानं आधीच लिहून दिली होती.

पासवर्ड शोधायला कष्ट पडले नाहीत. तात्यांचं नाव आणि जन्मसाल. त्यांचा फोन नंबर तर संस्थेच्या जुन्या पत्रकावरच छापलेला होता. दोन दिवसांनी, दुपारी, मी माझ्या स्वयंपाकघरातून पाठराखणचं खातं उघडायला घेतलं आणि पाटणला फोन लावला. "काकू, मी सोनिया. पाठराखणमधून बोलते. नवीन लागलेय. नंबर आलाय का?"

"आला की गं आत्ताच! थांब हं, चष्मा बघते. आज दुपारचंच कसं काय?" आणि त्यांनी सहाच्या सहा आकडे, एकेक सावकाश, दोनदा वाचून दाखवले.

यादी उघडली. पहिल्याच ओळीत प्रांजल नावाच्या मुलीचा पत्ता होता, गल्लीसकट. पुढं लिहिलं होतं, सासरचे शोधत आहेत. मी लॅपटॉप झाकून टाकला. माझ्या जागी तिचा नवरा असता तर संध्याकाळपर्यंत तिच्या दारात पोचला असता. चाचणी संपली होती. फोन ठेवायला हवा होता.

"जेवलीस का?" काकूंनी विचारलं.

नव्हते जेवले. खोटं बोलायला सुरुवात केलीच होती तरी इथं खरं बोलले. मग त्यांनी विचारलं काय केलंयस, मी म्हटलं काहीच नाही, कालचा भात आहे. "आगं बाई! भात शिळा असला तर फोडणीला टाक की. कांदा घाल, लय चव येती. एकट्या मानसानं खायाचा कटाळा करू न्हाई." त्यांना कसं कळलं मी एकटी आहे, मी विचारलं. "कळतंय की. तुज्या मागं कसला आवाजच न्हाई."

आम्ही बावीस मिनिटं बोललो. मी फोडणीचा भात केला. फार दिवसांनी गरम काही खाल्लं, आणि खाताना मला रडू आलं. ते सांगायला मला लाज वाटते, पण आलं.

फॉर्मला चाचणी एकच हवी होती. दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला. खात्री करून घ्यायची म्हणून, असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही. 'आलीस का सोनिया' म्हणून काकू सुरुवात करायच्या, आकडे सांगून मोकळ्या व्हायच्या आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं. तात्या कोयनेच्या भूकंपात कसे शाळेचं दप्तर घेऊन बाहेर पळाले आणि बायको घरातच राहिली. बेंदराच्या सणाला त्या अजूनही मातीचे बैल करतात, पण पुजायला येतं कोण. मीही बोलले. आई गेल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, एका खोट्या नावाखाली. आठ दिवस असे गेले, आणि त्या आठ दिवसांत ती यादी उघडीच होती.

नवव्या दिवशी झोपेतून उठल्याउठल्या मला प्रांजलची ओळ आठवली. त्या दिवशी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, की संस्थेची सर्व खाती मृत व्यक्तीच्या नंबरवर असून तो नंबर बाळगणारी व्यक्ती कोणालाही ओटीपी सांगते. नंबर तत्काळ बदलावा. त्या व्यक्तीला कोणाशी बोलू नये याबद्दल शिकवावं. सोबत मी एका पानाच्या सूचनाही लिहून दिल्या, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या माणसाला वाचता येतील अशा.

श्रद्धानं वाद घातला नाही. चाचणीत काय झालं ते तिनं सगळं ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात तिनं सगळी खाती ऑफिसच्या नव्या नंबरवर घेतली आणि पाटणला जाऊन काकूंना समजावलं.

"काकू काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आधी म्हणाल्या, सोनिया तशी न्हाई. मी म्हटलं, काकू, आमच्याकडे सोनिया नावाची कुणी नाहीच. तुमचा कागद मी खिडकीपाशी चिकटवलाय. तुमचं नाव नाही सांगितलं, चाचणीबद्दलही नाही. भामटी होती एवढंच सांगितलं. तुम्हीच म्हणाला होता ना, जरा भीती बसू दे."

म्हणाले होते खरी.

"आणि तुम्ही फोन करत राहा," मी म्हटलं. "ओटीपी नसला म्हणून काय झालं?"

"करणारच हो," ती म्हणाली. आणि पहिले आठ दिवस तिनं रोज केला. मग एक दिवसाआड. महिन्यानंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कारण नसलं की राहून जातं, मॅडम. आणि केला तरी काकू विचारतात, काय काम काढलं? मी काय सांगू? मग ठेवून देतात. आता हेल्पलाइन पण सुरू झालीय, दिवसभर मान वर करायला वेळ नसतो." पाठराखण सगळ्या संस्थांत पहिली आली होती. नंबर बदलल्यावर मी दिलेल्या गुणांमुळं.

फॉर्मच्या शेवटी आणखी एक रकाना होता. महिन्याभरानं फेरचाचणी, आधी फसलेलं माणूस पुन्हा फसतं का ते बघायला. म्हणजे मला फोन करायला या वेळी खरंच कारण होतं. सकाळी दहाला मी तयार होऊन बसले, केस विंचरले, जसं काही कुणी बघणार होतं. साडेदहाला नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काकू, नंबर आलाय का हो?"

मग काकू म्हणाल्या, "तूच ना ती?"

फेरचाचणीचं जे काय वाक्य ठरवलं होतं ते मी सोडून दिलं. "काकू, मी खरं सांगते. माझं नाव चारुशीला. मी सांगलीला असते. त्या बायकांची यादी सुरक्षित आहे का, ते तपासायचं माझं काम होतं. मी भामटी नाही. पहिला फोन कामाचा होता. नंतरचे... नंतरचे मी आपली बोलायला करत होते."

"आदी सोनिया," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आता चारुशीला."

"श्रद्धाला विचारा, काकू. ती सांगेल."

"तवा पन तू तिच्याच हापिसाचं नाव घेत हुतीस." त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी फोन ठेवला नव्हता. मला वाटलं, आता विचारतील, जेवलीस का. मी वाट बघत राहिले. त्याऐवजी कागदाची सळसळ ऐकू आली आणि काकू वाचायला लागल्या. जसे आकडे वाचायच्या तसंच, एकेक शब्द सावकाश. "फोन करनारा गोड बोलंल. खान्यापिन्याची चवकशी करंल. आपली दुःखं सांगंल. तो आपला कुनी नसतो. फोन ठिवून द्यावा."

माझीच वाक्यं होती, माझ्याच क्रमानं. त्यात कुठं चूक काढावी असं काही नव्हतं.

"काकू, ऐका..."

"मी लय बोलले गं तुज्याशी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मी परत लावला. वाजत राहिला आणि बंद पडला. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. दुसऱ्या दिवशी एका रिंगनंतर कट होऊ लागला. श्रद्धाला सांगून मध्यस्थी करवून घेता आली असती, पण मग आठ दिवस मी काय करत होते तेही तिला सांगावं लागलं असतं, आणि श्रद्धासारख्या पोरीपुढं मला ते जमलं नाही.

ट्रस्टच्या माणसाचा ईमेल आला, फेरचाचणीचा निकाल राहिलाय. मी फॉर्म उघडला. अनोळखी व्यक्तीनं विश्वास संपादन करण्याचा प्रयत्न केल्यास प्रतिसाद कसा होता? मी पाचपैकी पाच लिहिले आणि फॉर्म पाठवून दिला.