धक्क्यावरून

ऑगस्ट उजाडला की चोगोक बंदरातल्या डोकसू म्हाताऱ्याचं घर माणसांनी भरून जायचं. बुसानहून थोरली लेक जोंगसुक, तिचा मासे विकणारा नवरा चांगबे आणि त्यांची दोन दांडगी पोरं यायची. सोलहून धाकटा इनमो, त्याची बायको मीरान आणि आठ वर्षांची दान्बी. म्हाकुळं वाळत घातलेल्या दोऱ्या बाजूला सारून अंगणातल्या लाकडी बाजेवर पानं मांडली जायची आणि पहिल्याच जेवणाला म्हातारा मुलाला धारेवर धरायचा.

डोकसू म्हाकुळं पकडणाऱ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होता. बोट विकून बरीच वर्षं झाली, पण घरात त्याची तांडेलकी सुटली नव्हती. इनमोचं सोलमध्ये चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकं त्याला मान द्यायची, बायकोशी त्याचं बरं चाललं होतं, लेक तर गळ्यातच असायची. पण चोगोकची पाटी दिसली की तो डोळ्यांवरचा चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसायला लागायचा.

"या वर्षी नको जायला," मीरान दर जुलैमध्ये म्हणायची.

"आई वाट बघते गं."

आईचं नाव तो उगाच पुढे करायचा. खरं सांगायचं तर बेचाळिशीतही त्याला आशा होती, की या खेपेला म्हातारा एखादा बरा शब्द बोलेल.

त्या वर्षी म्हाताऱ्याने दान्बीला धरलं. पोरगी पाण्याला घाबरायची. पोटाला हवेची ट्यूब लावून घोटाभर पाण्यात उभी राहायची आणि लाट आली की किंचाळत मागे पळायची.

"काय चष्मेवाले," म्हातारा काकडीचा तुकडा लाल तिखटाच्या चटणीत बुडवत म्हणाला, "पोरीच्या लग्नातही ट्यूब बांधूनच उभी करणार का तिला?"

"बाबा, आठ वर्षांची आहे ती," मीरान म्हणाली. "शिकेल हळूहळू."

"हळूहळू? चांगबेचा धाकटा सहाव्या वर्षी धक्क्यावरून उड्या मारायला लागला. मासेवाल्याचं बी आहे ते. आमचं बी कुठे गेलं कोण जाणे. काचा पुसता पुसता पुसलं गेलं असेल."

चांगबे मोठ्याने हसला. माणूस वाईट नव्हता, पण सासऱ्याच्या विनोदाला हसल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. जोंगसुक मान खाली घालून भात खात राहिली. मालसून, म्हातारी, नेहमीसारखी म्हणाली, "पुरे झालं. जेवू द्या पोराला." आणि नेहमीसारखंच तिचं कुणी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी उकाडा असा होता की कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खाली शिरली होती. ऐन उकाड्याच्या अशा दिवशी रीतीप्रमाणे घरोघरी जिनसेंगची मुळी घालून अख्ख्या कोंबडीचा रस्सा व्हायचा. कोंबड्या आणायला म्हातारी, जोंगसुक आणि मीरान सकाळी बसने बाजाराच्या गावी गेल्या. निघताना मीरान इनमोला म्हणाली, "तिची ट्यूब काढू नको. आणि तू बाबांबरोबर पीत बसू नको."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तिथे गेलास की होतोस."

हे ती सहज बोलली, पण ते त्याला दिवसभर टोचत राहिलं.

बायका गेल्यावर पुरुष आणि पोरं धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. सावलीसाठी निळी ताडपत्री बांधलेली होती. जाळी शिवणारे दोन म्हातारे आधीच तिथे होते. ते डोकसूच्या बोटीवरचे जुने खलाशी. कलिंगड कापलं, सोजूच्या, भाताच्या दारूच्या, बाटल्या उघडल्या. चांगबेची पोरं धक्क्यावरून धडाधड उड्या मारत होती आणि शिडीने वर येऊन पुन्हा उड्या मारत होती. त्या बाजूला तळ एकदम खाली जातो. पाणी काळंनिळं दिसतं आणि भर ऑगस्टमध्येही अंगाला झोंबतं. दान्बी ट्यूब कमरेला लावून बापाला टेकून बसली होती. कलिंगडाच्या बिया थुंकून कुठवर जातात ते बघत होती.

दुसरी बाटली संपत आली तेव्हा डोकसूला रंग चढला. पोरांना हाक मारून तो म्हणाला, "या रे, तुमच्या मामाची गोष्ट सांगतो."

"चड्डीची!" दोघं एकदम ओरडली. ती त्यांना पाठ होती. दर वर्षी कुणीतरी नवीन पाहुणा गाठून म्हातारा ती सांगायचा. दान्बीसमोर मात्र त्याने ती कधी सांगितली नव्हती. मीरान तिला वेळीच उठवून न्यायची.

"बाबा, राहू द्या ना," इनमो म्हणाला.

"का? पोरीला बापाचा पराक्रम कळू नये?" म्हातारा दान्बीकडे वळला. "तुझा बाप सात वर्षांचा होता. तांडेलाचा मुलगा, पण पाणी बघितलं की आईच्या मागे लपायचा. अख्खं बंदर हसायचं. एक दिवस उचलला आणि इथूनच दिला फेकून. हे दोघं होते तेव्हा. होतात की नाही रे?"

जाळीवाल्यांनी माना डोलावल्या.

"आणि वर आला तेव्हा काय झालं होतं?"

"चड्डी भरली होती!" पोरं ओरडली आणि पोट धरून लोळायला लागली. जाळीवाले हसले. चांगबे हसला.

आणि दान्बीही हसली.

तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. सगळे हसले, तीही हसली. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून, डोळे मोठे करून तिने विचारलं, "बाबा, तुला खरंच चड्डीत शी झाली होती?"

पुन्हा हशा उसळला. हसून हसून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पस्तीस वर्षं इनमोने हा हशा गिळला होता. पण तो बापाचा होता, गावाचा होता. आज तो त्याच्या पोरीच्या तोंडून आला. कानशिलं तापली. त्याला वाटलं, आता ही सोलला जाऊन शाळेत सांगेल. मोठी होऊन नवऱ्याला सांगेल.

तो उठला. "ये," तो दान्बीला म्हणाला, "आपण गंमत करू." तिच्या कमरेची ट्यूब त्याने काढली आणि तिला कडेवर घेतलं. तिने सवयीने त्याच्या गळ्याला मिठी मारली.

"बाबा, तुझ्या तोंडाला वास येतोय."

तो काठाशी गेला. एकदा मागे वळून त्याने बापाकडे बघितलं. म्हाताऱ्याचं हसू थांबलं होतं. हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली होती, आणि तो इनमोकडे टक लावून बघत होता. इनमोला वाटलं, बघतोय. अखेर बघतोय.

"काय करतोयस?" दान्बी म्हणाली. ती अजून हसतच होती.

त्याने तिचे हात गळ्यातून सोडवले आणि तिला फेकलं. जाताना तिची बोटं त्याच्या चेहऱ्यावर अडकली आणि चष्मा तिच्याबरोबर गेला.

पाण्याचा आवाज झाला. इनमोपुढे नुसता निळा धूसर पडदा होता. कुठे पोरगी, कुठे लाट, काही कळेना. मग काहीतरी वर आलं, "बाबा" असं अर्धवट ऐकू आलं आणि पाण्याने ते गिळलं. पाय उचलून पुढे टाकावा एवढंच करायचं होतं. ते त्याला जमेना. पाय धक्क्याच्या सिमेंटला चिकटले होते. पोहता येत नव्हतं म्हणून नव्हे. त्या क्षणी पोहण्याचा विचारही त्याच्या मनात आला नाही. तो घाबरला होता, सात वर्षांचा असताना घाबरला होता तसाच, आणि पाण्यात दुसरंच कुणी होतं.

त्याच्या बाजूने काहीतरी जोरात गेलं. डोकसूने उडी मारली होती. शहात्तर वर्षांचा, खुब्यात लोखंड बसवलेला म्हातारा कपड्यांसकट, चपलांसकट पाण्यात पडला. त्याच्या मागोमाग चांगबे गेला. पहिल्या बुडीला म्हातारा रिकाम्या हातांनी वर आला. दुसऱ्या बुडीला तो इतका वेळ खाली राहिला की जाळीवाले जाळी टाकून काठाशी धावले. वर आला तेव्हा पोरीचे केस त्याच्या मुठीत होते.

चांगबेने तिला शिडीवरून वर चढवलं. ओठ निळे पडले होते. म्हाताऱ्याने तिला पालथं घालून पाठीत थापट्या मारल्या, मग उताणी करून छाती दाबली. तिने पाणी ओकलं, कलिंगड ओकलं, आणि मग ती रडायला लागली. ते रडणं ऐकून चांगबेसुद्धा मटकन खाली बसला आणि रडला.

इनमो पुढे झाला. "दान्बी..." त्याने हात पुढे केला.

पोरगी म्हाताऱ्याच्या ओल्या सदऱ्यात शिरली. तिने त्याला दोन्ही हातांनी असं धरलं की तिला सोडवून घेता येईना.

म्हातारा धापा टाकत होता. इनमोकडे बघून, जाळीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मी तुला फेकलं, ते बघितलंस. तेवढंच शिकलास. तुला फेकलं आणि तू बुडायच्या आत मी पाण्यात होतो. विचार यांना." जाळीवाल्यांनी या वेळी मान डोलावली नाही, जमिनीकडे बघितलं. "मी कसाई असेन. पण माझे कपडे ओले झाले होते. तुझ्या पायाला पाणी तरी लागलंय का?"

इनमोने खाली बघितलं. पाय कोरडे होते.

धक्क्यावर काय झालं ते पोरांनीच सांगितलं. बसमधून उतरणाऱ्या बायकांना गाठून दोघांनी एका दमात सगळं ओकलं. मीरान धावली नाही, ओरडली नाही. हातातल्या कोंबड्यांची पिशवी तिने सासूकडे दिली आणि बाजेवर गोधडीत गुंडाळलेल्या दान्बीपुढे बसली.

"तू सांग," ती म्हणाली.

"बाबा म्हणाले गंमत करू," दान्बी म्हणाली. मग इनमोकडे बघून, शाळेत बाईंशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तुमचा चष्मा माझ्यामुळे पडला. माफ करा."

आजवर तिने बापाला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तेवढ्याने मीरानला सगळं कळलं. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. इनमो दारात उभा राहिला.

"मीरान, बाबांनी ती गोष्ट सगळ्यांसमोर काढली..."

"म्हणून?"

"ती हसली गं."

मीरानचा हात थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं. रागावलेली बायको बघते तसं नाही, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "आठ वर्षांची पोर हसली," ती म्हणाली, "म्हणून तू तिला समुद्रात टाकलंस." आणि बॅगेची चेन ओढली.

अंगणात डोकसू सुनेला म्हणाला, "सूनबाई, कोंबडी शिजतेय. पोरीला दोन घास घालून मग जा. चांगबे सोडेल स्टेशनावर." एवढ्या मऊ आवाजात तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. मीरान बसली. दान्बी आजोबाच्या मांडीवर बसून जेवली. म्हाताऱ्याने कोंबडीची तंगडी सोलून तिच्या भातावर ठेवली. इनमोला कुणी 'ये' म्हटलं नाही, 'नको' म्हटलं नाही.

त्या गेल्यावर इनमो मोरीजवळ आईपाशी गेला. मालसून भांडी घासत होती.

"आई, बाबांनी खरंच उडी मारली होती? मागोमाग?"

"मारली होती."

"मग मला कधी कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? आपलं पोर होतं." म्हातारीने पातेलं पालथं घातलं. "वर आणलं आणि चड्डी भरलेली बघून तुझ्या मुस्कटात मारली. तेही खरं. अख्ख्या बंदरासमोर मारली. दोन्ही खरं आहे रे. तुला पाहिजे ते घे."

त्या हिवाळ्यात मीरानने घटस्फोट घेतला. न्यायालयाने दान्बी आईकडे दिली. इनमोने वाद घातला नाही. पुढच्या उन्हाळ्यात जोंगसुक पोरांबरोबर दान्बीलाही चोगोकला घेऊन गेली. पोरीनेच हट्ट धरला होता. आजोबांनी पोहायला शिकवीन म्हणून शब्द दिला होता, आणि म्हाताऱ्याने तो पाळला. आधी घोटाभर पाण्यात, मग कमरेएवढ्या, पोटाखाली हात धरून, एकदाही न ओरडता. जोंगसुक भावाला फोनवर म्हणाली, "बाबा हे करू शकतात हे मला माहीतच नव्हतं रे. आपल्या वेळी कुठे होतं हे?" तिच्या बोलण्यात मुद्दाम टोमणा नव्हता. टोमणा असता तर कमी लागलं असतं.

इनमोनेही पोहणं शिकायला घेतलं. दुकान उघडायच्या आधी, म्हाताऱ्या बायकांच्या वर्गात, नाकाला चिमटा लावून. वर्षभरात पोहायला लागला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने आईला विचारलं, एक दिवस येऊ का. आईने मीरानला विचारलं. मीरान म्हणाली, मी पोरीला न्यायला येईन त्याच्या आत त्यांना निघायला सांगा.

तो गेला तेव्हा सगळे धक्क्यावरच होते. म्हातारा ताडपत्रीखाली, काठी शेजारी ठेवून. दान्बी उंच झाली होती. तिने वाकून नमस्कार केला, "कसे आहात?" म्हणाली, आणि आतेभावांबरोबर उडी मारून बंदराच्या तोंडावरच्या लाल दीपस्तंभाकडे पोहत निघून गेली.

इनमोने सदरा, पँट, चष्मा काढून ठेवला आणि टोकावरून उडी मारली. थंड पाण्याने जीव वर आला, पण हातपाय चालले. तो बऱ्यापैकी आतवर गेला, वळला, परत आला. शिडी चढून वर आला तेव्हा दान्बी लांब होती. तिचं डोकं पाण्यावर काळ्या ठिपक्याएवढं दिसत होतं. तिने मागे बघितलं नव्हतं.

म्हाताऱ्याने मात्र सगळं बघितलं होतं.

"चांगला पोहतोस," तो म्हणाला.

आयुष्यभर इनमोने या बोलण्याची वाट बघितली होती. तो ओलाचिंब उभा राहिला.

"आता कुणाला बाहेर काढायचंय?" म्हातारा म्हणाला आणि नात कुठवर गेली ते बघायला त्याने कपाळावर हात धरला.

दुपारी आईने त्याला घरात एकट्याला जेवायला वाढलं. मीरान चारच्या बसने येणार होती. तो तीनच्या बसने निघाला.