गार्नेटचं कुलूप

सॉ मिलमध्ये करवतीचं पातं बदलायला हात घालण्याआधी माणसाने तिच्या खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे ती चुकून कोणी चालू करणार नाही, आणि किल्ली खिशात टाकायची. ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही, मग तो मॅनेजर का असेना. एखादा विसरून घरी गेलाच, तर त्याला भरल्या ताटावरून उठवून आणत आणि पुढे आठवडाभर त्याची टर उडवत. गार्नेट लिंडक्विस्ट उभ्या नोकरीत कधी विसरला नव्हता.

अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावरचा कर वाढवला, तशी कॅनडातल्या या मिलची आधी एक पाळी गेली, मग पगार कापला गेला. मिल चालू राहावी म्हणून सगळ्यांनी निमूट माना डोलावल्या. त्याचा उपयोग शून्य. एका शुक्रवारी गार्नेटचं पातं बदलणं अर्ध्यावर असताना सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं आणि मिल 'सध्यापुरती' बंद केल्याचं सांगितलं. गार्नेट तिथून तसाच घरी आला. कुलूप खटक्यावरच राहिलं.

त्या 'सध्यापुरती'वर तो पुढे सगळा उन्हाळा बसून राहिला. उत्तरेच्या खाणीत काम मिळत होतं, पण महिन्यातले तीन आठवडे तिकडेच राहावं लागणार होतं. बायको आर्डिथ रोज विचारी, तो रोज "बघू" म्हणे. त्याला काहीच वाटेनासं झालं होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

मग फोरमन रॉलीचा फोन आला, कुलूप काढायला ये म्हणून. मिल सुरू होतेय असं समजून गार्नेट दाढी करून गेला.

करवतीपाशी रॉलीबरोबर अमेरिकेतल्या अलाबामाचा एक मिलवाला उभा होता. करामुळे तिकडे फळ्यांचे भाव चढले होते आणि त्याला आणखी एक करवत हवी होती. चालवून पाहिल्याशिवाय तो घेणार नव्हता.

"कटरने तोडता आलं असतं," रॉली हळूच म्हणाला. "पण तुझं कुलूप मी कसं तोडू?"

गार्नेटने अर्धवट राहिलेलं पातं बसवलं, ताण तपासला, कुलूप काढलं, दोघांना मागे सरकवून बटण दाबलं. करवत झकास चालली.

"तुम्हालाही बरोबर नेलं असतं," पाहुणा खुशीत म्हणाला, "पण तुमच्यावर किती कर बसेल कोण जाणे."

रॉली हसला. गार्नेटही हसला. मग दारापाशी जाऊन त्याने घरी फोन लावला.

"करवतीचा आवाज येतोय की रे," आर्डिथ म्हणाली. "सुरू झाली मिल?"

"नाही, नुसती करवतच सुरू झालीय," तो म्हणाला. "खाणवाल्यांना कळव, येतो म्हणावं."