'परके' कपाटातली कवटी

मित्रांनो, मी एक जुनी कवटी आहे. घाबरू नका. घाबरायला हवं तर मी, कारण हातात माप घेऊन येता ते तुम्ही.

लहानपणी मी दूरच्या मुलखातून आले. माझं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. एका बाईने मला पोटाशी धरलं आणि मी तिला आई म्हणू लागले. पुढे तापाच्या साथीत आम्ही दोघी पाठोपाठ गेलो. गावाने आम्हाला एकाच खड्ड्यात ठेवलं, तिचा हात माझ्या मानेखाली.

शेकडो वर्षांनी एक प्राध्यापक आले आणि त्यांनी तो खड्डा उकरला. त्यांनी मोठ्या चिमट्यासारख्या मापाने आमची डोकी मोजली. आईचं गोल निघालं, माझं लांबट.

"ही परकी. शत्रूकडची कैदी असणार."

"पण सर, खड्डा तर एकच होता," त्यांची विद्यार्थिनी म्हणाली.

"खड्डा चुकेल, माप चुकत नाही."

झालं! आई 'इथले' कपाटात गेली, मी 'परके' कपाटात. सरांच्या भाषणांत माझं फार कौतुक झालं, मग माझ्यावर धूळ बसली. रागाने दातओठ खावेत, तर ओठच नाहीत. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही.

अलीकडे एक संशोधक बाई आल्या. गोड बोलत होत्या, म्हणून मला जास्तच संशय आला. माझ्या दाताची चिमूटभर भुकटी त्यांनी तपासायला नेली. मग एके दिवशी बाई माझ्या कपाटापाशी असताना त्यांचा मदतनीस निकाल घेऊन आला.

"बाई, हिचं लहानपण दुसरीकडच्या पाण्यावर गेलंय. म्हणजे सर बरोबरच होते की!"

आता आई कायमची दुरावली, असं मला वाटलं.

"लहानपणी प्यालेल्या पाण्याची खूण दातात राहते, म्हणून लहानपण कुठलं ते दात सांगतो," बाई म्हणाल्या. "पण ही स्वतःला कुणाची मानायची, ते ना दात सांगेल ना माप. अरे, एका घरात गोल डोकी असतात नि लांबटही. हिला कुणाच्या हातावर निजवलं होतं?"

"त्या गोल डोक्याच्या बाईच्या."

"मग दोघींना एका पेटीत ठेव."

"पेटीवर काय लिहू? इथली की परकी?"

"आपल्याला खात्री आहे का? नाही ना? मग नुसतं 'एकत्र पुरलेल्या' असं लिही."

आता आई शेजारी आहे. तरी झाकण वाजलं की मला धडकी भरते, माणसांची मतं बदलायला वेळ लागत नाही. मित्रांनो, आम्हाला मोजा, तपासा, पण जपून. आणि कुणाला परकं ठरवण्याआधी एवढं विचारा, की त्याला पुरताना रडलं कोण?