जेजेके नावाचा खोका

अनिरुद्धच्या मते मॅन्युअल लिहिणं म्हणजे वरणावर तूप सोडणं. स्वयंपाक आधीच झालेला असतो, आपण नुसती धार धरायची. हे म्हणणाऱ्याने उभ्या जन्मात साधं वरण केलं नसावं, असं अक्षताच्या जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची. कारण तिचं घरून काम करणं त्या साहेबाच्या हातात होतं. तिची लेक गंधाली नुकती रांगायला लागली होती, अजून अंगावर पीत होती. तिचं दूध सुटेपर्यंत अक्षताने घाटकोपरला घरीच राहायचं की रोज अंधेरीचं ऑफिस गाठायचं, ते हे मॅन्युअल झालं की ठरवू, असं अनिरुद्धने सांगून ठेवलं होतं.

मॅन्युअल होतं आर्कमित्रचं. कंपन्यांकडे आपल्या सॉफ्टवेअरचे नकाशे असतात. कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलाय ते दाखवणारे खोके आणि बाण. आर्कमित्र त्या नकाशात नवा खोका टाकून द्यायचं. नाव टाइप करा, खोका हजर, वर शेजारपाजारच्या खोक्यांना आपणहून बाणही जोडलेले. ती वस्तू खरोखर कुठे आहे का, हे विचारायची मात्र त्याला सवय नव्हती. अक्षताने एकदा 'आमटी' लिहून पाहिलं. आमटीचा खोका आला आणि त्यातून ग्राहकांच्या माहितीकडे एक ऐटदार बाण गेला.

म्हणून तिने मॅन्युअलमध्ये ओळ घातली: 'खोका टाकल्याने ती गोष्ट तयार होत नाही.' अनिरुद्धने काढली. निगेटिव्ह वाटतं यार, गिऱ्हाईक बिचकेल. तिने परत घातली, त्याने परत काढली. मॅन्युअल वाचतंय कोण, असं त्याचं म्हणणं. अक्षताला ठाऊक होतं कोण वाचतं. ज्याची वाट लागलेली असते आणि जवळ विचारायला माणूस नसतं, तो वाचतो. त्याच्यासाठीच ती लिहायची, गंधूचा डोळा लागेल तेवढ्यात, एका पायाने पाळण्याला झोका देत.

मग एका विमा कंपनीला व्हिडिओ कॉलवर आर्कमित्र दाखवायचं ठरलं. बोलणार अनिरुद्ध, पडद्यावर खोके टाकणार अक्षता. नेमक्या त्याच दुपारी सासूबाई, वनमालाबाई, दळणाला गेल्या आणि गंधू उठली. अक्षताने तिला मांडीवर घेतलं. बाण इकडून तिकडे सरकताना पाहून पोर खूश झाली आणि तिने दोन्ही तळवे कीबोर्डवर आपटले. नकाशाच्या मधोमध खोका उगवला: जेजेके. सगळ्या खोक्यांकडे त्याचे बाण.

अक्षता तो पुसणार, तेवढ्यात पलीकडून विमा कंपनीच्या शरच्चंद्र साहेबांनी विचारलं, हे जेजेके काय आहे?

"तो आपला सुरक्षेचा थर," अनिरुद्ध म्हणाला. आवाज जरा म्हणून अडखळला नाही. "सगळीकडे जोडलाय बघा. म्हणून तर इतके बाण."

शरच्चंद्र साहेबांनी मान डोलावली. आमच्या आधीच्या लोकांकडे जेजेके नव्हतं, तिथेच आम्ही मार खाल्ला, म्हणाले. बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्या माना पाहून अक्षताला वाटलं, नकाशात आमटी ठेवली असती तरी यांनी ओरपली असती.

कॉल संपताच अनिरुद्धचा फोन आला. जेजेकेवर एक पान लिहून दे म्हणाला.

"जेजेके नाहीये रे. गंधूने कीबोर्डवर हात मारला."

तो हसला. "त्यांना आवडलंय ना? मग आहे. तू पान दे, तुझं घरून कामाचंही आजच करून टाकतो."

लोकांच्या आजारपणांची, वारसांची माहिती, आणि तिच्यावर पहारा कुणाचा, तर गंधूच्या ओल्या तळव्यांचा. अक्षताने पान लिहिलं: 'जेजेके फक्त नकाशात आहे. एका रांगत्या मुलीचा हात पडून तो तयार झाला. तो कशाचंही रक्षण करत नाही. कृपया काढून टाका.' खाली स्वतःचं नाव घातलं. आणि पान पाठवून दिलं. उद्यापासून अंधेरी, हे तिने धरूनच ठेवलं. पोरीला वाटी-चमच्याची सवय लावायला सासूबाईंना सांगायचं, इथपर्यंत तिची तयारी झाली.

चहाला उकळी येईतो उत्तर आलं. 'झकास, एकदम क्लिअर. क्लायंटला पाठवलं. घरून काम मंजूर.' पाठोपाठ शरच्चंद्र साहेबांचं: 'जेजेकेचं पान फार उपयुक्त. आभार.'

दळणाचा डबा टेकवत सासूबाईंनी विचारलं, काय झालं? अक्षताने सगळं सांगितलं. दोघांपैकी एकानेही पान वाचलं नव्हतं.

"वाचूक नाय ता बरा झाला गो," सासूबाई गंधूकडे बोट दाखवत म्हणाल्या. "वाचल्यानी असता तर ह्या चेडवाक दूध कोणी दिला असता?"

ते खरंच होतं. हवं ते मिळालं होतं, आणि तेही त्या दोघा साहेबांच्या आळसाच्या कृपेने. अक्षताने गंधूला पदराखाली घेतलं. पोर हातांच्या मुठी करून चुटूचुटू पिऊ लागली. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांना कान तर असतील, असं म्हणत तिने मोकळ्या हाताने फोन उचलला. सासूबाई नको नको करत होत्या, तोवर पलीकडे रिंग गेलीसुद्धा.

"नमस्कार शरच्चंद्र साहेब, आर्कमित्रची अक्षता बोलतेय. तुमचं जेजेके जिने बनवलं ना, ती आत्ता माझ्या मांडीवर आहे."